येनानची वाट

परदेशातील सेवाकार्याची कथा आपण बहुधा सेवक तेथे पोहोचल्यापासून सांगू लागतो. त्याने किती रुग्ण तपासले, किती अनाथांना आसरा दिला, याची नोंद होते. ज्या वाटेने तो तेथवर गेला, ती वाट मात्र विस्मरणात जाते. वास्तविक, सेवाव्रताची पहिली परीक्षा वाटेवरच होत असते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा चीनमधील प्रवास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर पूर्ण आक्रमण केले. चिनी सेनापती चू-ते यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय साहाय्याची याचना केली. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले, निधी उभा राहिला आणि पाच डॉक्टरांचे पथक निवडले गेले: अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि सोलापूरचे कोटणीस. स्पेनच्या यादवी युद्धात शुश्रूषा करून आलेले डॉ. अटल पथकाचे प्रमुख होते. कोटणीसांचे वय तेव्हा अठ्ठावीसही पूर्ण नव्हते. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन ते पुढील शिक्षणाची तयारी करीत होते.

१ सप्टेंबर १९३८ रोजी पथकाने मुंबईचा किनारा सोडला. त्याच महिन्याच्या मध्यास ते कँटनला उतरले. सन यत्-सेन यांच्या पत्नी सूंग छिंग-लिंग यांनी त्यांचे स्वागत केले. समुद्र येथे संपला आणि खरा प्रवास सुरू झाला. कँटनहून उत्तरेस हँकाऊपर्यंत ते भूमार्गाने गेले. तेथील रुग्णालयात जखमी सैनिकांची सेवा सुरू होते न होते तोच युद्ध दाराशी आले. २१ ऑक्टोबरला कँटन पडले, तर २५ ऑक्टोबरला हँकाऊ. ज्या वाटेने हे पाचजण आले, ती वाट त्यांच्या पाठीमागे अशी बंद झाली! यांगत्से नदीच्या प्रवाहाविरुद्ध, यिचांगमार्गे, ते चुंगकिंगला पोहोचले.

चुंगकिंगला असतानाच कोटणीसांना वडिलांच्या निधनाची वार्ता मिळाली. घरी आई होती, भावंडे होती. परत फिरण्यास याहून सबळ कारण कोणते असणार? आणि तसे ते परतले असते, तर त्यांना कोणी दोष दिला असता? तरीही ते थांबले. जानेवारी १९३९ मध्ये पथक येनानच्या दिशेने निघाले. शेन्सी प्रांताच्या दक्षिण भागात छिन्‌लिंग पर्वताची रांग आडवी पसरली आहे. ऐन हिवाळ्यात ती ओलांडून, मोटारीने, शिआनमार्गे ते १२ फेब्रुवारी १९३९ रोजी येनानला पोहोचले. मुंबई सोडल्यास पाच महिन्यांहून अधिक काळ लोटला होता.

पुढची वाट तर शत्रूच्या फळीतून जाणारी होती. सहकारी एकेक करून मायदेशी परतले. कोटणीस उत्तर चीनच्या रणभूमीवर गेले आणि १९४१ साली, कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयाचे संचालक झाले. पथकातील प्रत्येकाने आपल्या चिनी नावाअखेर ‘हुआ’, म्हणजे चीन, हे अक्षर जोडले होते. कोटणीस ‘के ती-हुआ’ झाले. परिचारिका क्वो छिंग-लान यांच्याशी त्यांनी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये पुत्र जन्मला. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले.

याच युद्धात, याच उत्तर चीनमध्ये, फादर व्हिन्सेंट लेब हे बेल्जियममध्ये जन्मलेले व चीनचे नागरिकत्व पत्करलेले मिशनरी आपल्या बंधूंसह जखमींना डोल्यांवरून वाहून नेत होते. १९४० साली साम्यवादी सैन्याने त्यांना काही आठवडे कैदेत ठेवले. सुटकेनंतर २४ जून १९४० रोजी चुंगकिंगला त्यांनी देह ठेवला. कोटणीस त्याच साम्यवादी सैन्याच्या जखमींवर उपचार करीत होते आणि १९४२ मध्ये त्यांनी त्या पक्षाचे सदस्यत्वही घेतले. ही विसंगती इतिहासाने झाकलेली नाही. आपणही ती झाकू नये. दोघांच्या श्रद्धा भिन्न, मार्ग भिन्न. तथापि जखमेला पट्टी बांधणारा हात दोघांचाही तितकाच खरा होता. शोमरोनी माणसाच्या दाखल्याच्या अखेरीसही प्रभूने विचारले ते, शेजारी कोण झाला, हेच.

वाचकहो, आज आपल्या परिसरातील अनेक तरुण-तरुणी परदेशी जातात. काही रात्रींच्या विमानप्रवासात कोणताही देश गाठता येतो. वाट अशी उरलेलीच नाही. त्यामुळे मागे फिरण्याचे प्रसंगही वाटेत येत नाहीत. ते पोहोचल्यावर, एकाकी खोलीत, घरून आलेल्या एखाद्या दुःखद वार्तेच्या रूपाने येतात. अशा वेळी काय करावे, याचे एकच उत्तर सर्वांना लागू पडणार नाही. मातापित्यांच्या ओढीने जो परत येतो, तोही धर्मच पाळतो. मात्र जो राहतो, त्याच्या निर्णयाची किंमत घरच्यांनीही मोजलेली असते, हे आपण ध्यानी ठेवावे. कोटणीसांचे स्मारक त्यांच्या सोलापूरच्या घरी उभे आहे. त्या घरातून एक मुलगा गेला आणि परतला नाही. चीनला मिळालेले दान त्या घरानेही दिले होते.