नाव आणि जाहिरात : नागरी रेल्वे स्थानकांवरील नामफलकांचा ऐतिहासिक विचार
(विशेष संदर्भ : लंडनची भुयारी रेल्वे व मुंबईची उपनगरी रेल्वे)

प्रास्ताविक

रेल्वेच्या इतिहासलेखनात लोहमार्ग, इंजिने, पूल, बोगदे, भांडवल आणि कामगार या घटकांचा विचार विस्ताराने झालेला आढळतो. त्या मानाने स्थानकावरील नामफलक, दिशादर्शक पाट्या, अक्षरांचे वळण, रंगसंगती आणि बोधचिन्हे या बाबी दुय्यम मानल्या गेल्या. नागरी रेल्वेच्या संदर्भात ही उपेक्षा योग्य ठरत नाही. लांब पल्ल्याच्या गाडीतील प्रवाशाला उतरण्यापूर्वी चौकशी करण्यास पुरेसा अवधी असतो. शहरातील गाडी मात्र स्थानकात काही सेकंदच थांबते आणि तेवढ्या वेळात, गर्दीतून डोकावून, आपले स्थानक आले की नाही हे प्रवाशाला ठरवावे लागते. भुयारी मार्गावर तर खिडकीबाहेर अंधारच असल्यामुळे देऊळ, कारखाना, नदी अशी कोणतीही ओळखीची खूण उपलब्ध नसते. तेथे फलाटावरील नाव हाच प्रवाशाचा मुख्य आधार असतो.

हे नाव ज्या भिंतीवर लिहावयाचे त्याच भिंतीवर जाहिरातदाराचाही डोळा असतो. स्थानकाची भिंत प्रवाशाला मार्ग दाखविण्यासाठी की महसूल मिळविण्यासाठी, हा प्रश्न नागरी रेल्वेच्या प्रारंभापासून तिच्यासोबत चालत आला आहे. या प्रश्नाचे एक सुस्पष्ट उत्तर लंडनच्या भुयारी रेल्वेने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दिले. त्या उत्तराचे स्वरूप, त्याची पुढील वाटचाल आणि मुंबईच्या संदर्भात त्यातून उपस्थित होणारे प्रश्न यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लंडन : वास्तू व फरशीतून दिलेली ओळख

लंडनमधील पहिली भुयारी रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. त्यानंतरच्या चार दशकांत वेगवेगळ्या खाजगी कंपन्यांनी आपापले मार्ग बांधले. १९०६ व १९०७ या दोन वर्षांत एकाच समूहाच्या मालकीचे तीन नवे खोल मार्ग खुले झाले. त्यांच्या स्थानकांचे आरेखन लेस्ली ग्रीन या वास्तुविशारदाने केले होते. दर्शनी भागावर गडद तांबड्या रंगाच्या चकाकत्या मातीच्या फरशा बसविल्यामुळे ही स्थानके रस्त्यावरून सहज ओळखू येत. फलाटांवर प्रत्येक स्थानकासाठी फरशांच्या रंगांची व नक्षीची निराळी रचना करण्यात आली आणि स्थानकाचे नावही फरशांमध्येच भाजून घेण्यात आले. नेहमीच्या प्रवाशाला नाव न वाचताही केवळ रंगावरून आपले स्थानक ओळखता यावे, अशी ही व्यवस्था होती.

परंतु भिंतींवर जाहिरातींची गर्दी होत गेली. साबण, औषधे, चहा, नाटके यांच्या रंगीबेरंगी कागदांमध्ये स्थानकाचे नाव हरवू लागले. कंपनीची आर्थिक स्थिती नाजूक होती. प्रवाशांची संख्या अपेक्षेपेक्षा कमी होती आणि त्यामुळे जाहिरातींचे उत्पन्न सोडून देणे शक्य नव्हते. अशा परिस्थितीत १९०८ मध्ये दोन महत्त्वाच्या घटना घडल्या. लंडनमधील भुयारी रेल्वे कंपन्यांनी 'अंडरग्राउंड' हे समान नाव वापरून एकत्रित प्रसिद्धी करण्याचे ठरविले. त्याच वर्षी फलाटांवर नव्या प्रकारचे नामफलक लावण्यास प्रारंभ झाला. लाल रंगाच्या भरीव तबकडीवर आडवी निळी पट्टी आणि त्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत स्थानकाचे नाव, असे त्यांचे स्वरूप होते.

फ्रँक पिक यांचे धोरण

या बदलामागे फ्रँक पिक (१८७८–१९४१) यांची दृष्टी होती. कायद्याचे शिक्षण घेतलेले पिक १९०६ मध्ये कंपनीत आले आणि १९०८ पासून प्रसिद्धीचे काम पाहू लागले. त्यांनी जाहिराती काढून टाकल्या नाहीत. त्यांना ठराविक मापाच्या, ठराविक जागी बसविलेल्या चौकटी नेमून दिल्या आणि नामफलकाभोवतीची जागा मोकळी ठेवली. चौकोनी जाहिरातींच्या रांगेत लाल वर्तुळ उठून दिसे, कारण आजूबाजूला तसा दुसरा आकारच नसे. भिंतीवर नाव व जाहिरात यांची सरहद्द आखली गेली, हे या योजनेचे खरे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

दुसरा प्रश्न अक्षरांचा होता. त्या काळच्या जाहिरातींत नाना प्रकारची जाड, नक्षीदार आणि छायांकित अक्षरे वापरली जात. रेल्वेची स्वतःची अक्षरे जाहिरातीच्या अक्षरांहून वेगळी असावीत, म्हणजे रेल्वेची सूचना आणि व्यापाऱ्याचे आवाहन यांत गल्लत होणार नाही, अशी पिक यांची भूमिका होती. १९१३ मध्ये त्यांनी सुलेखनकार एडवर्ड जॉन्स्टन यांच्याशी संपर्क साधला आणि १९१६ मध्ये जॉन्स्टन यांचे अक्षरवळण वापरात आले. प्राचीन रोमन शिलालेखांतील मोठ्या अक्षरांची प्रमाणबद्धता त्यात होती. मात्र अक्षरांच्या टोकांना जोडलेल्या बारीक रेषा वगळून सर्वत्र सारख्या जाडीची रेघ ठेवली होती. जॉन्स्टन यांनी तबकडीचे चिन्हही नव्याने आखले. भरीव वर्तुळाऐवजी लाल कडे आले आणि १९१७ मध्ये या चिन्हाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी झाली. पुढे ते 'राउंडेल' या नावाने ओळखले जाऊ लागले.

वाचनीयतेसाठी योजलेला फलक आणि कंपनीचे बोधचिन्ह ही दोन्ही येथे एकच झाली. १९३३ मध्ये लंडन प्रवासी वाहतूक मंडळ स्थापन होऊन बहुतेक मार्ग एका छत्राखाली आले. त्याच वर्षी हॅरी बेक या आरेखकाने तयार केलेला, अंतरांपेक्षा स्थानकांच्या क्रमाला व जोडणीला महत्त्व देणारा नकाशा प्रवाशांच्या हाती आला. चार्ल्स होल्डन यांनी आरेखित केलेल्या आर्नोस ग्रोव्ह (१९३२) यांसारख्या स्थानकांत वास्तू, अक्षरे आणि चिन्ह यांचा एकत्रित विचार झाला. या सर्व घटकांच्या मुळाशी अनोळखी माणसाला कोणासही न विचारता इच्छित स्थळी पोचता यावे, हे एकच सूत्र होते. कंपनीचा नावलौकिक त्या सूत्राच्या पाठोपाठ आला.

मुंबई : दोन कंपन्या, अनेक भाषा

मुंबईची रेल्वे इंग्रजी कंपन्यांनीच बांधली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी विजेवर चालणारी उपनगरी गाडी सुरू झाली. मात्र लंडनमध्ये १९०८ साली कंपन्यांत जो समझोता झाला, तसा समान ओळखीचा विचार मुंबईत झालेला दिसत नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे या दोन कंपन्या आपापल्या स्थानकांचा कारभार स्वतंत्रपणे पाहत. १९५१ मध्ये त्यांचे रूपांतर अनुक्रमे मध्य व पश्चिम रेल्वेत झाले, तरी ही विभागणी कायम राहिली. दादर हे याचे बोलके उदाहरण होय. एकमेकांना लागून असलेल्या दोन्ही रेल्वेंच्या स्थानकांत फलाटांचे क्रमांक एकपासूनच सुरू होत. त्यामुळे नवख्या प्रवाशाला 'एक नंबरचा फलाट' म्हणजे नेमका कोणत्या रेल्वेचा, हे विचारल्याशिवाय गत्यंतर नसे. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या फलाटांना आठ ते चौदा असे क्रमांक देण्यात आले, तेव्हा कुठे हा घोळ मिटला.

मुंबईच्या फलकांवर लंडनला न पडलेला आणखी एक प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे भाषेचा. पिवळ्या पार्श्वभूमीवर काळ्या अक्षरांत मराठी, हिंदी व इंग्रजी अशी तीन नावे लिहिण्याची पद्धत येथे रूढ आहे. वरवर पाहता हा एकाच नावाचा तीनदा केलेला उच्चार वाटतो, पण प्रत्यक्षात तसे नाही. मराठी 'शीव' हिंदीत 'सायन' होते आणि मराठी 'वांद्रे' हिंदीत 'बांद्रा' होते. लिपी एकच असूनही नाव बदलते, कारण हिंदी रूप इंग्रजांनी रूढ केलेल्या उच्चारावरून आले आहे. 'शीव' या शब्दात मुंबई बेटाची हद्द दर्शविणारा अर्थ आहे. इंग्रजी रूपात तो लोपला आणि त्यावरून बनलेल्या हिंदी रूपातही परतला नाही. अशा ठिकाणी फलकावरील मराठी ओळ स्थळाच्या जुन्या नावाची साक्ष जपण्याचे कार्य करते.

नामांतराचा इतिहासही याच फलकांवर लिहिला गेला आहे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आरेखित केलेल्या भव्य वास्तूला १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाचे नाव मिळाले. १९९६ मध्ये ते बदलून छत्रपती शिवाजी टर्मिनस आणि २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस असे करण्यात आले. एल्फिन्स्टन रोड हे स्थानक २०१८ मध्ये प्रभादेवी झाले. लोकांच्या बोलण्यात मात्र व्हीटी, सीएसटी ही रूपे दीर्घकाळ टिकून राहिली. फलक एका दिवसात बदलता येतो; लोकांची जीभ बदलण्यास पिढी जावी लागते.

विकाऊ नाव

गेल्या काही वर्षांत नाव व जाहिरात यांतील सरहद्द पुन्हा पुसट होऊ लागली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये लंडनच्या फॅशन सप्ताहाच्या निमित्ताने बाँड स्ट्रीट स्थानकाच्या नामफलकांवर काही दिवसांसाठी 'बर्बेरी स्ट्रीट' असे एका वस्त्रनिर्मात्याचे नाव झळकले. प्रवाशांचा गोंधळ झाला आणि या प्रयोगावर टीका झाली. यातील विरोधाभास लक्षणीय आहे. पिक यांनी जाहिरातीपासून नाव वाचविण्यासाठी जे वर्तुळ व जी पट्टी योजली, त्याच पट्टीवर शंभरहून अधिक वर्षांनी जाहिरात आली. फलकाची विश्वासार्हता वाढली म्हणूनच तो विकण्याजोगा झाला, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

मुंबईतही मेट्रोच्या काही स्थानकांच्या नावांना कंपन्यांची नावे जोडण्यात आली. सिद्धिविनायक व आचार्य अत्रे चौक या स्थानकांच्या नावांना अनुक्रमे एका विमा कंपनीचे व एका म्युच्युअल फंडाचे नाव जोडले गेले, तेव्हा त्यावर सार्वजनिक आक्षेप घेतले गेले. मेट्रोचे तिकीट परवडणारे ठेवावयाचे तर तिकिटाबाहेरील उत्पन्न हवे, हा यामागील युक्तिवाद निराधार नाही. पिक यांनाही ते उत्पन्न हवेच होते. फरक इतकाच की त्यांनी जाहिरातीला भिंत भाड्याने दिली आणि नाव राखून ठेवले. करारावर आधारलेले नाव करार संपताच बदलू शकते. ज्या शहरात वांद्रे, शीव, परळ ही नावे राज्यकर्ते बदलले तरी टिकली, तेथे स्थळनाम मुदतीच्या करारावर सोपविणे कितपत उचित, याचा विचार होणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) नागरी रेल्वेच्या नामफलकाचे आरेखन हे केवळ सजावटीचे अंग नाही. सार्वजनिक भिंतीवर कोणाचा अधिकार चालावा, या प्रश्नाचे ते दृश्य उत्तर असते.

२) लंडनच्या 'राउंडेल'ची कीर्ती वाचनीयतेच्या धोरणातून निर्माण झाली. वाचनीयतेचा बळी देऊन त्या कीर्तीचा व्यापार केल्यास तिचा पायाच खचण्याची शक्यता आहे.

३) वाहतूक संस्थांमधील समन्वयाचा अभाव फलकांवर उमटतो आणि त्याचा भुर्दंड प्रवाशाला सोसावा लागतो. दादरच्या फलाटांचे क्रमांक हे त्याचे उदाहरण होय.

४) मुंबईच्या फलकांवरील मराठी नावे स्थानिक इतिहासाची साधने आहेत. महसूल आणि सोय यांच्या हिशेबात त्यांचे हे मूल्य गृहीत धरले गेले पाहिजे.

रात्रीच्या शेवटच्या गाडीतून अनोळखी स्थानकावर उतरणारा प्रवासी फलकावरील नावावर विसंबून पाऊल टाकतो. त्याच्या या विश्वासाचे रक्षण करणे हे स्थानकाच्या भिंतीचे पहिले कर्तव्य होय.