मोहन पार्क ते मिहान

आठ मार्च आला की स्त्रीमुक्तीचा इतिहास न्यूयॉर्क, कोपनहेगन आणि पेट्रोग्राड या शहरांतून सांगितला जातो. १९१० साली क्लारा झेटकिन यांनी महिलादिनाची सूचना मांडली, १९१७ साली पेट्रोग्राडच्या गिरणीकामगार स्त्रिया भाकरीसाठी रस्त्यावर आल्या, आणि १९७७ साली संयुक्त राष्ट्रसंघाने या दिवसाला मान्यता दिली. हे सारे खरे आहे. हा दिवस मुळात कामकरी बाईचा आहे, हेही खरे आहे. पण वर्गात क्लारा झेटकिन हे नाव घेताच हात वर होतात. सुलोचनाबाई डोंगरे कोण, असे विचारले की वर्ग गप्प बसतो. हे वर्गातील मुलींचे अज्ञान नव्हे. इतिहास लिहिणाऱ्यांनी कोणाला वगळले, याचा तो पुरावा आहे.

१९३७ साली नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन भरले. त्यात जेवणाच्या वेळी जाईबाई चौधरींना अस्पृश्य म्हणून अपमान सोसावा लागला. जाईबाई कोण? डोक्यावर ओझी वाहत शिकलेल्या, आणि नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढणाऱ्या. भगिनीभावाची भाषा पंगतीपर्यंत येऊन थांबली होती. मग आमच्या बायकांनी स्वतःचा मंडप घातला, तर नवल काय!

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या मोहन पार्कमध्ये अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. सुमारे पंचवीस हजार स्त्रिया आल्या होत्या. समाजाची प्रगती त्यातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, असे बाबासाहेब तेथे म्हणाले. परिषदेचे ठराव पाहा: बायकोला घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, मुलींसाठी वसतिगृहे, कायदेमंडळांत व स्थानिक संस्थांत राखीव जागा. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका व रेल्वे यांतील कामकरी बायकांना रजा, दुखापतीची भरपाई आणि वीस वर्षांच्या नोकरीनंतर पेन्शन, हाही एक ठराव होता. गिरणीत बायकांवर देखरेखीला बाईच असावी, असे दुसरा ठराव सांगत होता.

घटस्फोट आणि एकपत्नीत्व १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात आले. त्यापूर्वी हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांना १९५१ मध्ये मंत्रिपद सोडावे लागले. स्थानिक संस्थांतील राखीव जागा १९९३ पासून लागू झाल्या. अर्धशतक लागले, पण ते ठराव वसूल झाले. मजुरीच्या ठरावाचे काय?

१८७७ पासून चालणारी एम्प्रेस मिल २००२ साली कायमची बंद पडली. मिहान उभारणारी सरकारी कंपनीही त्याच वर्षी स्थापन झाली. शिवणगाव, खापरी, तेल्हारा येथील शेतांवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांत आमच्या शिकलेल्या मुली संगणकापुढे बसतात. ही कमाई लहान नाही. पण त्याच इमारतींची फरशी पुसणारी बाई ठेकेदाराची असते. ठेकेदार बदलला की तिच्या नोकरीची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. मग तिची वीस वर्षे भरायची कधी? एक गुलाबाचे फूल हे काही पेन्शन नव्हे.

आठ मार्च जरूर साजरा व्हावा. पण त्या दिवशी मिहानच्या फाटकाशी मोहन पार्कमधील ठराव वाचले जावेत, आणि कोणता अजून उधार आहे ते त्या फरशी पुसणाऱ्या बाईलाच सांगू द्यावे.