पडद्यावरचा चोर आणि पाहणाऱ्याचे मन

पडद्यावर रोज खून-दरोडे पाहणारा माणूस पुढे जगालाच भिऊ लागतो का? पारावर हा प्रश्न निघतोच. पण विद्यापीठांतल्या पंडितांनीही त्यावर वर्षानुवर्षे डोके खपवले आहे. त्याचीच ही थोडक्यात हकीकत.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जॉर्ज गर्बनर नावाचे प्राध्यापक होते. १९६७ सालापासून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दूरचित्रवाणीवरच्या नाटकांतली मारामारी अक्षरशः मोजून काढली. पुढे प्रेक्षकांनाही प्रश्न विचारले. १९७६ साली त्यांनी सांगितले की, जे तासन्‌तास पडद्यापुढे बसतात त्यांना जग आहे त्याहून धोक्याचे वाटते.

पटते ना? पण जरा थांबा. १९७९ साली कॅनडातल्या टोरांटो शहरी डूब आणि मॅकडोनल्ड या संशोधकांनी चार निरनिराळ्या वस्त्यांत चौकशी केली. जास्त पाहणारे जास्त भितात, हे त्यांनाही दिसले. मात्र वस्तीत गुन्हे खरोखर किती घडतात हे हिशेबात धरताच तो संबंध एकंदरीत उरला नाही. उरला तो शहरातल्या गुन्हे फार घडणाऱ्या वस्तीत. गर्बनर यांनीही १९८० साली आपल्या विचारात भर घातली: दारातला अनुभव आणि पडदा एकच गोष्ट सांगू लागले, की भीती दुणावते.

बातमीचेही तसेच. इंग्लंडात डेव्हिड मॉर्ली यांनी बीबीसीचा 'नेशनवाइड' हा कार्यक्रम २९ गटांना दाखवला. १९८० साली त्यांचा ग्रंथ निघाला. कार्यक्रमाची जी मांडणी बँकेच्या व्यवस्थापकांना सरळ वाटली, तीच कामगारांच्या प्रतिनिधींना एकांगी वाटली. दृष्टी तशी सृष्टी म्हणतात, ते असे!

आणि हे काही परदेशातच दिसले असे नाही. १९५६ साली पुणे आकाशवाणीने सुमारे १५० खेड्यांत शेतकऱ्यांची श्रोतेमंडळे बसवली. कार्यक्रम ऐकायचा आणि मग त्यावर बोलायचे, असा रिवाज. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी पाहणी केली. नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा मंडळांच्या गावांत माहिती कितीतरी अधिक मुरली होती.

तेव्हा गुरुजी, पोरगा पडद्यापुढे बसला म्हणून नुसते रागावू नका. "काय पाहिलेस?" एवढ्यावरही थांबू नका. "तुला ते खरे का वाटले?" हे विचारा. पाहणारा माणूस म्हणजे रिकामे मडके नव्हे. तो आपले गाव, आपला धंदा, आपली भीती बरोबर घेऊन बसतो. त्याच्याशी बोलल्यावाचून पडद्याने काय केले, ते कळायचे नाही.