एका शिलिंगाचे पुस्तक

वाचक माऊली, गळ्यात तुळशीची माळ पडली की मांसाहार सुटतो. त्यासाठी आपल्याला कधी पुस्तक वाचावे लागले नाही. गांधीजींचे तसे झाले नाही. १८८८ साली ते विलायतेस गेले ते मातेला दिलेल्या वचनाने बांधलेले. लंडनात उपाशी फिरता फिरता फॅरिंग्डन रस्त्यावर शाकाहारी खाणावळ सापडली. दाराशी काचेआड पुस्तके विकायला होती. त्यांतले हेन्री सॉल्ट यांचे पुस्तक त्यांनी एका शिलिंगाला घेतले, मग पोटभर जेवले. ते वाचल्यावर वचनाचा शाकाहार मनाचा झाला.

पुढे कलकत्त्याहून काही पत्रके आली. गवळी गाईम्हशींचा कसा छळ करतात, ते त्यांत होते. १९१२ साली टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी दूधही सोडले. नंतर मोठ्या आजारात कस्तुरबांनी सुचवले म्हणून शेळीचे दूध घेतले; व्रताचा शब्द राहिला, भाव मोडला, ही खंत त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवली. लपवली नाही, हे मला फार मोठे वाटते.

१९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन या सुतारकाम शिकवणाऱ्या मास्तरांनी दूध न घेणाऱ्यांसाठी छोटे पत्रक काढले, 'द व्हीगन न्यूज'. 'व्हीगन' हा शब्द तिथला.

मी जन्मभर काल्याची कीर्तने केली, दहीलाह्या वाटल्या. कृष्णाच्या गोकुळात वासरू आधी पीत असे, असे रंगून सांगितले. पण हंडीतले दही कोणत्या गोठ्यातले, तिथल्या वासराला काय उरले, हे यजमानाला कधी विचारले नाही. आता विचारतो.