जिवाणूंचा वैरी आणि मत्स्यशेती



आजच्या स्मृतिव्याख्यानासाठी मी मत्स्यशेतीतील एका औषधाचा इतिहास निवडला आहे. हे औषध म्हणजे जिवाणूंना मारणारे विषाणू, अर्थात बॅक्टेरिओफाज. आपल्याकडे या इतिहासाचा आरंभ बहुधा गंगेपासून केला जातो. म्हणून प्रथम तेथेच जाऊ.

इ. स. 1896 मध्ये आग्र्याचे जिवाणुशास्त्रज्ञ अर्नेस्ट हँकिन यांनी असे प्रसिद्ध केले की, गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू काही तासांतच मरतात. पाणी उकळले की हा गुण नाहीसा होतो. हे फाजचे पहिले दर्शन होय, असे अभिमानाने सांगितले जाते. परंतु स्वतः हँकिन यांनी त्याचे श्रेय पाण्यातील एखाद्या उडून जाणाऱ्या द्रव्याला दिले होते, आणि ते फाजच होते की काय याविषयी अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. अभिमानाने पुराव्यापुढे धावू नये, हा या कथेचा पहिला धडा मला वाटतो.

पुढे 1915 मध्ये लंडनला फ्रेडरिक ट्वॉर्ट यांना जिवाणूंची वाढ विरघळून जाताना दिसली. 1917 मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील फेलिक्स द'एरेल यांनी त्यामागील विषाणू ओळखून त्याला ‘बॅक्टेरिओफाज’ हे नाव दिले. 1927 मध्ये ते पटकीवर हा उपाय अजमावण्यासाठी हिंदुस्थानात आले. त्यांचे सहकारी जॉर्ज एलियावा यांनी तिबिलिसी येथे संस्था उभारली. 1937 मध्ये सोव्हिएत राजवटीने एलियावांना ठार केले, तरी संस्थेचे काम टिकले. अन्यत्र मात्र घाईने बनविलेल्या, नीट न पारखलेल्या औषधांनी या उपायाची पत घालविली आणि पेनिसिलिन येताच तो विस्मृतीत गेला.

त्याची पुन्हा आठवण झाली ती प्रतिजैविके निष्प्रभ होऊ लागल्यामुळे. तळ्यात दाटीने वाढविलेल्या माशांत रोग वेगाने पसरतो. खाद्यातून दिलेल्या प्रतिजैविकाचा बराच अंश पाण्यात व गाळात उतरतो आणि तेथील जिवाणू त्याला दाद देईनासे होतात. फाजचे तसे नाही. तो नेमक्या जिवाणूला चिकटतो, त्याच्या पोटात आपली पिलावळ वाढवितो, त्याला फोडून बाहेर पडतो, आणि शिकार संपली की स्वतःही ओसरतो. पाणी तर त्याचे स्वाभाविक घरच आहे.

1981 मध्ये तैवानच्या संशोधकांनी एरोमोनास हायड्रोफिला या मत्स्यरोगकारक जिवाणूवर फाज वापरून पाहिला. जपानमध्ये हिरोशिमा विद्यापीठाच्या तोशिहिरो नाकाई व सहकाऱ्यांनी 1999 मध्ये यलोटेल माशांना, तर 2000 मध्ये आयु या माशांना फाज देऊन पाहिले. फाजमिश्रित खाद्य मिळालेल्या आयु माशांच्या मूत्रपिंडांतून रोगजंतू लवकरच नाहीसे झाले. ज्यांना ते मिळाले नाही, त्यांच्यात ते सतत सापडत राहिले. 2003 मध्ये रोगग्रस्त तळ्यातील प्रयोगाचाही अनुभव आशादायक ठरला.

आपल्या किनाऱ्यावरही हे काम झाले. मंगळूरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयातील करुणासागर दांपत्य व सहकाऱ्यांनी कोळंबीबीज केंद्रांत व्हिब्रिओ हार्वेयी या प्रकाशमान जिवाणूवर फाज सोडले. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधानुसार, प्रतिजैविके वापरलेल्या टाक्यांपेक्षा फाजच्या टाक्यांत अधिक पिल्ले जगली.

तरीही मी सावधच राहीन. ज्या नेमकेपणाचे आपण कौतुक करतो, तोच या उपायाची मर्यादाही आहे: जिवाणूचा वाण बदलला की फाजही बदलावा लागतो. शिवाय काही फाज जिवाणूला न मारता त्याच्या जनुकांतच दडून बसतात. व्हिब्रिओ हार्वेयीच्याच बाबतीत असा एक फाज जिवाणूला अधिक घातक बनवितो, हे ऑस्ट्रेलियातील अभ्यासातून दिसून आले. म्हणजे रखवालदार म्हणून ठेवलेलाच चोरांना सामील व्हावा, तसे हे. म्हणून प्रत्येक फाजची जनुके तपासल्यावाचून त्याला तळ्यात सोडता कामा नये.

विद्यार्थिमित्रहो, हा उपाय एकदा आपल्या हातून निसटला, तो औषध खोटे होते म्हणून नव्हे, तर पारख अपुरी होती म्हणून. तीच चूक आपल्या तळ्याकाठी पुन्हा होऊ न देणे तुमच्या पिढीच्या हाती आहे. हाच मला या इतिहासाचा दुसरा धडा वाटतो.