बंदिनी समुपदेशन (कौटुंबिक हिंसा)
घरातील हिंसा सोसलेल्या किंवा तिच्याच गुन्ह्यात अडकलेल्या स्त्री व तृतीयपंथी बंद्यांना मानसिक आधार देण्याचे काम. नागपूरसारख्या मध्यवर्ती कारागृहाच्या महिला विभागात हुंडाबळीच्या आरोपातली सासू आणि मारझोडीला कंटाळून नवऱ्यावर हात उचललेली बायको एकाच बराकीत निजू शकतात; दोघींना एकच उपदेश करून भागत नाही. आधी ऐकणे, मग वकील, मुलांची सोय आणि सुटकेनंतरचा निवारा, हा क्रम मोलाचा. पत्रकार शीला बारसे यांच्या पत्रावरील १९८३च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने महिलांसाठी स्वतंत्र पोलीस कोठडीचे निर्देश दिले. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९०पासून मुंबईत बंद्यांच्या पुनर्वसनासाठी झटतो. तृतीयपंथी बंद्यांच्या स्वतंत्र व्यवस्थेची सूचना केंद्रीय गृहमंत्रालयाने राज्यांना जानेवारी २०२२मध्ये केली. ती फार उशिरा आली.