अन्नवस्त्र आणि निवारा : वर्षासनापासून निवृत्तिवेतनापर्यंत

पोटगीच्या दाव्यास आपल्या भाषेंत ‘अन्नवस्त्राचा दावा’ म्हणण्याचा प्रघात जुना आहे. धर्मनिबंधकारांचा ‘ग्रासाच्छादन’ हा शब्दहि त्याच अर्थाचा. ग्रास म्हणजे घांस व आच्छादन म्हणजे वस्त्र. या दोन्ही शब्दांत घराचें नांव नाहीं. याचें कारण असें नव्हे कीं, आपल्या पूर्वजांस छपराची गरज वाटत नव्हती. विधवा, वृद्ध किंवा अपंग आप्त कुटुंबाच्या घरींच राहणार हें गृहीत असल्यामुळें निवाऱ्याची निराळी मोजदाद करण्याचें प्रयोजन पडत नसे. एकत्र कुटुंब मोडूं लागल्यावर हें गृहीत टिकलें नाहीं, आणि १९५६ सालच्या हिंदु दत्तक व निर्वाह कायद्यांत निर्वाहाची व्याख्या करितांना अन्न व वस्त्र यांच्या जोडीस निवास हा शब्द स्पष्टपणें घालावा लागला. आज शाळेंतील मूलहि ‘अन्न, वस्त्र, निवारा’ अशीं तीन नांवें एका दमांत घेतें. ही तिसरी गरज म्हातारपणच्या रोख नेमणुकीच्या हिशेबांतून कशी सुटली, हें जुन्या कागदांच्या आधारें पाहावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

मराठेशाहींतील देणग्यांचे कागद ज्यांच्या संग्रहीं आहेत, त्यांस त्यांतील दोन वर्ग परिचित असतीलच. जमिनीचें किंवा गांवाचें इनाम हा एक वर्ग. वर्षासन, रोजिना यांसारख्या रोख नेमणुका हा दुसरा. लढाईंत पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांस मिळणारी बालपरवेशी कधीं या, तर कधीं त्या प्रकारांत मोडते. इनामाच्या सनदेंत जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप यांची मोजणी असते, व देणगी पुत्रपौत्रादि वंशपरंपरेनें चालवावी असें म्हटलेलें असतें. रोख नेमणुकीचा कागद त्या मानानें कोरडा. रक्कम किती, ती कोणत्या महालाच्या ऐवजीं द्यावयाची व कोणत्या नाण्यांत, एवढें सांगून तो संपतो. नाण्याचा उल्लेख क्षुल्लक समजूं नये. चांदवडी, अंकुशी, मल्हारशाही, नागपुरी असे नाना तऱ्हेचे रुपये चालत असतां बट्ट्यामुळें घेणाराच्या पदरांत काय पडेल हें नाण्याच्या नांवावर अवलंबून असे. आंकडा तोच राहून त्याची खरेदीची शक्ति घटते, हा अनुभव आजच्या महागाईनें आपणांस नव्यानें दिलेला नाहीं.

दोन्ही वर्गांतील खरा भेद मात्र नाण्याहून खोल आहे. आपल्याकडील गांव काळी व पांढरी अशा दोन भागांचा. काळी म्हणजे कसण्याची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. ज्यास काळींत हक्क, त्यास पांढरींत पाय ठेवण्यास जागा आपोआप मिळे. मिरासदार व उपरी यांतील फरक केवळ साऱ्याचा नव्हता. मिरासदाराचें गांवांतील स्थान पिढीजाद होतें, तर उपरी हा आज आहे, उद्यां नाहीं असा समजला जाई. इनामदारास सनदेबरोबर गांवांत बूड टेकण्यास ठिकाण मिळालें. वर्षासनावर जगणारास असें कांहींच मिळालें नाहीं. त्याचें वडिलार्जित घर असेल तर वर्षासन पुरे. नसेल तर त्या रकमेंतून आधीं दुसऱ्याच्या ओसरीचें भाडें वजा करून मग पोटाचा विचार.

मोठ्या लोकांच्या नेमणुका ठरवितांना ही गोष्ट नजरेआड होत नसे. १८१८ च्या जूनमध्यें दुसरा बाजीराव मालकमच्या स्वाधीन झाला, तेव्हां त्यास सालीना ८ लक्ष रुपयांची नेमणूक व ब्रह्मावर्ताचें वास्तव्य मिळालें. १८५१ च्या जानेवारींत तो वारल्यावर त्याचे दत्तक पुत्र नानासाहेब यांस ही नेमणूक पुढें चालविण्याचें सरकारनें नाकारलें. पण ब्रह्मावर्ताची लहानशी जहागीर मात्र त्यांच्या हयातीपर्यंत राहूं दिली. १८५४ सालीं झांशी खालसा झाल्यावर राणी लक्ष्मीबाईसाहेबांस दरमहा ५,००० रुपये देऊं केले, आणि किल्ला सोडावा लागला तरी राहावयास शहरांतील वाडा ठेविला. या दोन्ही प्रकरणांतील अन्याय इतिहासानें पुरेसा सांगितला आहे, त्याची पुनरुक्ति येथें नको. आपल्या विषयापुरती लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, रोख रक्कम व राहण्याचें ठिकाण या दोन निरनिराळ्या बाबी आहेत, आणि पहिली बंद झाली तरी दुसरी शिल्लक राहूं शकते, हें त्या काळच्या मुत्सद्द्यांस पक्कें ठाऊक होतें. धाकट्या नेमणूकदाराच्या बाबतींत हा विचार कोणीं केला नाहीं.

आतां आमच्या नागपूर प्रांताकडे वळूं. तिसरे रघूजी भोसले १८५३ च्या डिसेंबरांत निपुत्रिक वारले व पुढल्याच वर्षीं राज्य खालसा झालें. नागपुराहून वेगळा काढून वर्धा जिल्हा १८६२ सालीं बनविण्यांत आला. त्याचें ठाणें प्रथम पुलगांवाजवळील कवठा येथें होतें, तें १८६६ सालीं पालकवाडीच्या जागीं वसविलेल्या नव्या वर्धा शहरीं आलें. जुन्या गांवांत कसणाऱ्या कुळास आबादींत घरापुरती जागा असे. मालगुजारीच्या व्यवस्थेंतहि ती सामान्यतः बिनभाड्याची राहिली. परंतु कचेरी, शाळा, टपाल व पुढें रेल्वे यांच्या पाठोपाठ एक नवा वर्ग या प्रांतीं आला, ज्याची काळींत एक तासहि नव्हती. कारकून, मास्तर, मुन्शी हे सर्व पांढरींतले लोक. भोसल्यांच्या अमदानींत शेती न करणाऱ्या अशाच लोकांवर ‘पांढरी’ नांवाची पट्टी बसत असे. इंग्रजांनीं ती तशीच पुढें चालविली आणि १८६७ सालीं तिच्यासाठीं स्वतंत्र कायदा केला. जमिनीच्या नात्यानें गांवांत त्यांस स्थान नव्हतें, कर मात्र वस्तीच्या नांवानें होता. आजचा भाड्याच्या घरांत राहणारा निवृत्त मनुष्य हा या पांढरीकरांचा थेट वारस होय.

निवृत्तिवेतनाचें कायदेशीर स्वरूप १८७१ च्या पेन्शन कायद्यानें बांधलें गेलें. सावकाराच्या हुकूमनाम्याखालीं तें जप्त होत नाहीं, आणि पुढें मिळावयाच्या पेन्शनवर आगाऊ लिहून दिलेला करार निरर्थक ठरतो. ही तरतूद म्हाताऱ्या माणसाच्या संरक्षणाचीच आहे, यांत संशय नाहीं. पण तिची दुसरी बाजूहि पाहावी. इनामदार अडचणींत जमीन गहाण टाकूं शकत असे. पेन्शनरापाशीं गहाण टाकण्यासारखें कांहींच नाहीं. घर स्वतःचें असेल तर तेंच त्याचें एकमेव तारण. सर्वोच्च न्यायालयानें १९८२ सालीं नाकारा यांच्या खटल्यांत निवृत्तिवेतन हें धन्याच्या मेहेरबानीचें बक्षीस नसून केलेल्या सेवेचा हक्क आहे असें ठरविलें. सनदेच्या भाषेंतून हक्काच्या भाषेंत येण्यास इतका काळ लागला. हक्क मिळाला, परंतु त्या हक्कांत छप्पर आलें नाहीं.

हें विधान केवळ अलंकारिक नाहीं, हिशेबाचें आहे. सरकारी किंवा अनुदानित शाळेंतील शिक्षकास नोकरींत असतांना मूळ वेतन, महागाई भत्ता व घरभाडें भत्ता अशा तीन बाबी मिळतात. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्र सरकारनें २०१७ सालीं शहरांचे तीन वर्ग पाडून घरभाड्याचे दर मूळ वेतनाच्या २४, १६ व ८ टक्के असे ठेविले. म्हणजे राहण्याचा खर्च हा वेतनाचा निराळा भाग आहे, हें सरकारास मान्य आहे. निवृत्तीच्या दिवशीं काय घडतें? मूळ वेतनाचा अर्धा भाग निवृत्तिवेतन म्हणून राहतो, त्यावर महागाईची वाढहि मिळते; घरभाडें भत्ता मात्र समूळ जातो. भाडें तेंच राहतें, किंबहुना वाढतें. ज्यानें नोकरीच्या काळांत घर बांधलें, त्यास ही वजावट जाणवतहि नाहीं. ज्यास बांधतां आलें नाहीं, त्याचें उत्पन्न निम्म्याहूनहि खालीं येतें. खाजगी कारखान्यांतून व दुकानांतून निवृत्त झालेल्यांची स्थिति याहून बिकट. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेंतील किमान रक्कम २०१४ च्या सप्टेंबरापासून दरमहा १,००० रुपये ठरविण्यांत आली, आणि त्या योजनेंतील रकमेस महागाईची जोड नाहीं. जुन्या वर्षासनाशीं तिचें साम्य वाचकांच्या लक्षांत येईलच.

भाडेकरूस कायद्याचा आधार नाहीं असें नव्हे. १९४६ च्या कायद्याखालीं निघालेला मध्यप्रांत-वऱ्हाडचा १९४९ चा भाडें-नियंत्रण हुकूम विदर्भांत पन्नास वर्षें चालला. त्याखालीं घरमालकास भाडेकरूस काढण्याची नोटीस देण्यापूर्वीं नियंत्रकाची लेखी परवानगी घ्यावी लागे. ३१ मार्च २००० पासून त्याच्या जागीं १९९९ चा महाराष्ट्र भाडें-नियंत्रण कायदा आला. त्यानें भाडेकरार लेखी व नोंदलेला असावा असें बंधन घातलें, आणि भाड्यांत दरसाल ४ टक्के वाढ करण्याची मुभा मालकास दिली. ४ टक्क्यांची चक्रवाढ अठरा वर्षांत मूळ रकमेच्या दुपटीवर जाते. अठ्ठावन्नाव्या वर्षीं निवृत्त झालेल्यास शहाहत्तराव्या वर्षीं दुप्पट भाडें द्यावें लागेल असा याचा सरळ अर्थ. शिवाय हा कायदा परिशिष्टांत नमूद केलेल्या क्षेत्रांपुरता आहे. बाकी सर्वत्र अकरा महिन्यांच्या करारावर कारभार चालतो, आणि अकरा महिन्यांचा भाडेकरू म्हणजे उपरीच.

प्रस्तुत लेखक संस्कृताचा अध्यापक म्हणून निवृत्त होऊन गिरड येथें भाड्याच्या कवेलूच्या घरांत राहतो, म्हणून या ठिकाणाविषयीं दोन शब्द लिहिणें अप्रस्तुत होणार नाहीं. टेकडीवरील ख्वाजा शेख फरीद यांच्या दर्ग्यामुळें हें गांव दूरवर ठाऊक आहे. हिंदु व मुसलमान दोघेहि येथें येतात, आणि फकीराची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाचे दगड झाले, या आख्यायिकेची खूण म्हणून जायफळ-सुपारीसारखे गोल खडे टेकडीवर दाखवितात. लहान गांवीं भाडें शहरापेक्षां कमी, भाजीपाला जवळचा, गरजा थोड्या. मर्यादित निवृत्तिवेतनावर राहणारास हा मार्ग सुचणें साहजिक आहे. रियासतकार सरदेसाई १९२५ सालीं बडोद्याची नोकरी सोडल्यावर पुण्यामुंबईस न राहतां कामशेतास राहिले, आणि तेथूनच त्यांचें उत्तरायुष्यांतील मोठें काम झालें. पण या मार्गाची किंमतहि सांगितली पाहिजे. गिरडाहून मोठें रुग्णालय म्हणजे सेवाग्राम, आणि तें साठ-सत्तर किलोमीटरांवर. भाड्यांत वांचलेला पैसा प्रकृति बिघडल्यास गाडीभाड्यांत जातो. म्हणून निवृत्तीपूर्वीं हिशेब करणारानें भाडें, औषध व प्रवास या तीन बाबी एकत्र मांडाव्या, आणि त्या वजा जातां जें उरेल तेंच आपलें खरें निवृत्तिवेतन समजावें.

आपल्या वाचकवर्गापुरती आणखी एक गोष्ट उरते, आणि लेखकाच्या मतें तीच अधिक निकडीची आहे. आपणांपैकीं अनेकांचीं घरें पोथ्या, रुमाल व सुटे कागद यांनीं भरलेलीं आहेत. भाड्याचें घर बदललें कीं दप्तरें हलतात. दर हलवाहलवींत एखादा रुमाल सुटतो, पानांचा क्रम मोडतो, पावसाळ्यांत ओल लागते, नव्या घरांतील वाळवीस नवें खाद्य मिळतें. वाड्यांतील माळ्यावर दोनशें वर्षें निर्धास्त राहिलेला कागद भाडेकरूच्या हातीं वीस वर्षेंहि सुरक्षित राहील याची हमी नाहीं. राजवाड्यांनीं गांवोगांव हिंडून जीं दप्तरें उजेडांत आणिलीं, तीं टिकावीं म्हणून व्यक्तीच्या घरावर अवलंबून न राहणारी संस्था हवी, हें ओळखूनच १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघालें. १९२६ च्या अखेरीस ते धुळ्यास वारल्यावर लगेच दुसऱ्या वर्षीं तेथें त्यांच्या नांवाचें संशोधन मंदिर उभें राहिलें, त्यामागेंहि हाच विचार होता. तेव्हां ज्यांस स्वतःचें घर नाहीं, त्या संग्राहकांनीं याद्या तयार करून आपले कागद हयातींतच एखाद्या संस्थेच्या हवालीं करावे. निदान त्यांच्या प्रतिमा घेऊन ठेवाव्या. आपल्या निवाऱ्याची निश्चिति आपल्या हातीं नसली, तरी कागदांच्या निवाऱ्याची आहे.

त्याबरोबर एक विनंति. वर्षासनांच्या सनदा आपण जपून ठेवितों, पण भाडेचिठ्ठ्या, घरमालकाच्या पावत्या, पेन्शनीच्या जुन्या वह्या, घरपट्टीच्या नोटिसा यांस कोणी कागद समजत नाहीं. त्या रद्दींत जातात. गेल्या दीडशें वर्षांत पांढरींतला मनुष्य कसा जगला, त्याच्या मिळकतींतील किती हिस्सा छपरास गेला, हें पुढील संशोधकास त्याच कागदांवरून कळणार आहे. वर्धा, नागपूर, हिंगणघाट येथील जुन्या बिऱ्हाडांत असे कागद कोणास आढळल्यास त्यांनीं त्यांची तारीख, रक्कम व ठिकाण टिपून घ्यावें, आणि तीं टिपणें या त्रैमासिकाकडे पाठवावीं.